बुधवारचे पैसे

जानेवारी संपत आला की आमच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवत नाही. १५ एप्रिलपर्यंत तिथे कागद पसरलेले असतात. हिशेबनिशी हा माझा व्यवसाय. न्यू जर्सीत येऊन वीस वर्षं झाली, आणि टॅक्सचे फॉर्म भरायला ओळखीपाळखीचे बरेच जण ऑफिसऐवजी घरीच येतात. त्यात पहिला नंबर शेजारच्या आजोबांचा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करून निवृत्त झालेले, आयुष्यभर रिपब्लिकन, डोक्यावर लाल टोपी, हातात बुटांचं खोकं. खोक्यात वर्षभराचे कागद.

खोकं टेबलावर टेकायच्या आत त्यांचं भाषण सुरू होतं. सरकार उधळं आहे, वॉशिंग्टनमध्ये सगळे चोर भरलेत, खर्च निम्म्यावर आणला पाहिजे. मी मान डोलावतो, कारण चोरांचा भाग सोडला तर मलाही बरंचसं तसंच वाटतं. मग ते खोक्यातून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, कागद काढतात आणि त्याच दमात म्हणतात, "यंदा वाढ फक्त २.८ टक्के. त्यातले अठरा डॉलर मेडिकेअरच्या विम्याच्या हप्त्यानेच खाल्ले. सरकारला म्हाताऱ्यांची काही किंमत आहे की नाही?"

आजोबांचा वाढदिवस महिन्याच्या १४ तारखेचा. म्हणून त्यांचं पेन्शन महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी बँकेत जमा होतं. जन्म १ ते १० तारखेचा असेल तर दुसरा बुधवार, ११ ते २० असेल तर तिसरा, त्यापुढचा असेल तर चौथा. कोट्यवधी घरांचं कॅलेंडर या तीन बुधवारांभोवती फिरतं. आणि अमेरिकेच्या राजकारणात कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींची जी कोंडी झाली आहे, तीही या बुधवारांपाशीच येऊन अडते.

आधी त्या शब्दाचं बघू. मराठी वर्तमानपत्रं कॉन्झर्व्हेटिव्हला 'पुराणमतवादी' म्हणतात. ते वाचून शेंडी राखणारा, सोवळं नेसणारा कुणी डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत या एका छपराखाली निदान तीन बिऱ्हाडं राहतात. एकाला चर्च आणि कुटुंब महत्त्वाचं, दुसऱ्याला सैन्य आणि देशाचा दरारा, तिसऱ्याला सरकारचा आकार आणि खर्च. तिघांचं एकमेकांशी फारसं जमत नाही, पण भाडं मिळून भरतात. मी या तिसऱ्या बिऱ्हाडातला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंच आमचं तत्त्वज्ञान. आणि रिपब्लिकन म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह असं समीकरण मांडू नका. पक्ष निवडणुका जिंकण्यासाठी असतो, त्यात आमच्यासारख्यांना कधी माजघरात जागा मिळते, कधी ओसरीवर.

आता आकडे. अमेरिकन बातम्यांत 'ट्रिलियन' आला की आपल्या माणसाचे डोळे फिरतात, पण मराठीत तो सोपा आहे: एक ट्रिलियन म्हणजे बरोबर एक लाख कोटी. ३० सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सुमारे ७.०१ लाख कोटी डॉलर खर्च केले. जमा झाले सुमारे ५.२३ लाख कोटी. डोक्यावरचं एकूण कर्ज ऑक्टोबरमध्ये ३८ लाख कोटींच्या पुढे गेलं.

तरी डोकं गरगरत असेल तर प्रत्येक आकड्यातली आठ शून्यं पुसा. एक घर आहे. वर्षाची कमाई ५२,३०० डॉलर, खर्च ७०,१००, आणि आधीच चढलेलं कर्ज ३ लाख ८० हजार. या कर्जाचं वर्षाचं व्याज ९,७००. असं कुटुंब माझ्याकडे आलं तर मी आधी चहा करीन आणि मग त्यांची क्रेडिट कार्डं कात्रीने कापीन.

सरकार हे काही घर नव्हे, हे मलाही कळतं. सरकार निवृत्त होत नाही, मरत नाही, त्याच्याकडे कर लावायचा अधिकार असतो आणि डॉलर छापायचं यंत्रही. लढाईत, महामारीत कर्ज काढावंच लागतं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा, १९४६ मध्ये, लोकांकडून आणि परदेशांतून उचललेलं कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या १०६ टक्के होतं. आज ते पुन्हा शंभर टक्क्यांच्या घरात आहे. फरक इतकाच, की तेव्हा हिटलरला हरवून झालं होतं. आज बेकारी कमी आहे, महायुद्ध नाही, धंदे चालू आहेत, आणि तरीही दर शंभर डॉलरच्या खर्चातले पंचवीस डॉलर उसने. सुगीच्या दिवसांत कणगी रिकामी असेल तर दुष्काळात काय करणार, हा आमचा प्रश्न.

हे पैसे जातात कुठे? रस्त्यावर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: परदेशी मदत, सरकारी बाबूंचे पगार, चैन. शेजारचे आजोबाही तेच म्हणतात. परदेशी मदत एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास असायची. खरा ढीग दुसरीकडे आहे. पुन्हा आठ शून्यं पुसून बघा: ७०,१०० मधले साडेपंधरा हजारांच्या वर सोशल सिक्युरिटीला, दहा हजारांच्या आसपास म्हाताऱ्यांच्या वैद्यकीय विम्याला, म्हणजे मेडिकेअरला, ९,७०० व्याजाला आणि नऊ हजारांच्या आसपास संरक्षणाला. त्यानंतर गरिबांचा वैद्यकीय विमा मेडिकेड, निवृत्त सैनिक, आणि मग उरलेलं सगळं जग.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती कळली की निम्मं राजकारण कळतं. यातला सुमारे साठ टक्के खर्च 'अनिवार्य' असतो. म्हणजे काँग्रेसमध्ये, तिथल्या संसदेत, त्यावर दरवर्षी मतदान होतच नाही. कायदा एकदा झाला की जो पात्र ठरेल त्याला पैसे मिळतात, नळ आपोआप वाहतो. व्याजावरही मतदान नाही, ते द्यायचंच. उरतो जेमतेम चौथा हिस्सा. तोच 'ऐच्छिक', आणि त्यातलं निम्मं सैन्याचं. अर्थसंकल्पावरून टीव्हीवर जी हाणामारी होते, सरकारी कचेऱ्या बंद पडतात, २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून तब्बल ४३ दिवस पडल्या होत्या, त्या या चौथ्या हिश्श्यावरची मंजुरी रखडल्यामुळे. बंद काळातही आजोबांचा बुधवार चुकला नाही. विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी बिनपगारी उभे होते, आजोबांचे पैसे मात्र वेळेवर जमा झाले.

म्हणूनच इलॉन मस्क यांचं खर्चकपातीचं प्रकरण मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सभेत ते म्हणाले होते, निदान दोन लाख कोटी डॉलरची बचत करून दाखवतो. टाळ्या कडाडल्या. मी घरी कागदावर वजाबाकी केली. सगळा ऐच्छिक खर्च, सैन्य, तुरुंग, अवकाशयानं, राष्ट्रीय उद्यानं धरून, मिळून दोन लाख कोटींपेक्षा कमी भरतो. म्हणजे अख्खं सैन्य घरी पाठवलं तरी आकडा गाठता येत नाही. पुढे 'डोज' नावाचं खातं निघालं, माणसं काढली, परदेशी मदतीची यूएसएड ही संस्था बंद केली, मेअखेर मस्क बाहेर पडले. वर्ष संपलं तेव्हा सरकारचा एकूण खर्च आदल्या वर्षीच्या ६.७५ लाख कोटींवरून ७.०१ वर गेलेला होता. काही फालतू खर्च गेला हे चांगलंच झालं. पण घराचा हप्ता डोईजड झाला असताना पेपरवाल्याचं बिल बंद करून मिशीला पीळ देण्यात अर्थ नसतो.

तर मग सोशल सिक्युरिटी. १९३५ मध्ये, महामंदीच्या काळात, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हा कायदा केला. नोकरदार मराठी माणूस अमेरिकेत आला की पहिल्या पगाराच्या पावतीवर त्याला एक ओळ खटकते: 'फायका'. पगाराच्या ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला, १.४५ टक्के मेडिकेअरला, आणि तेवढेच पैसे कंपनी आपल्या खिशातून घालते. एच-वन-बी व्हिसावर पुण्याहून आलेली पोरंसुद्धा हे भरतात. पेन्शनला पात्र व्हायला साधारण दहा वर्षांचं काम लागतं. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबतचा करार नाही, त्यामुळे पाच-सहा वर्षांत परत गेलेल्याचे पैसे इथेच राहतात. माझ्या टेबलावर या ओळीवरून जितकी चडफड ऐकली आहे तितकी दुसऱ्या कशावरूनच नाही. मी त्यांना सांगतो, बाबांनो, तुमचे पैसे कुठल्या तिजोरीत पडलेले नाहीत. ते पुढच्या बुधवारी शेजारच्या आजोबांच्या खात्यात जाणार आहेत.

ही अतिशयोक्ती नाही, योजना चालते ती अशीच. आपण भरलेले पैसे आपल्यासाठी साठवले जातात असं आजोबांना वाटतं. प्रत्यक्षात आज काम करणारा आज निवृत्त असलेल्याला देतो. पूर्वी भरणारे जास्त होते तेव्हा वरकड पैसे उरायचे. ते सरकारने स्वतःच उसने घेऊन खर्च केले आणि निधीला कर्जरोखे लिहून दिले. हे रोखे वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग गावी, एका सरकारी कचेरीतल्या साध्या कागदपत्रांच्या कपाटात ठेवलेले होते. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश मुद्दाम तिथे गेले, कपाटाचा खण उघडून फाइल बघितली आणि देशाला सांगितलं की निधी म्हणतात तो हा, नुसत्या कागदी हवाल्यांचा. विरोधक चिडले: अमेरिकन सरकारचा रोखा म्हणजे जगातला सगळ्यात भरवशाचा कागद, त्याला नुसता कागद कसं म्हणता? दोघांचंही बरोबर होतं. रोखा खराच आहे. पण तो वटवायचा तर सरकारला नवं कर्ज काढावं लागतं किंवा कर वाढवावा लागतो. डाव्या खिशाने उजव्या खिशाला लिहिलेली चिठ्ठी, एवढाच त्याचा अर्थ.

१९६० मध्ये एका पेन्शनरामागे पाच जण काम करत होते. आता तीनही नाहीत. महायुद्धानंतर, १९४६ ते १९६४ मध्ये, जी पोरं धडाधड जन्मली ती आता निवृत्त होत आहेत, माणसं जास्त जगतात, मुलं कमी होतात. यात कुणाचा दोष नाही. योजनेच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार निवृत्तिवेतनाचा निधी २०३३ मध्ये आटेल. त्या दिवशी योजना बंद पडणार नाही, कर येतच राहील. पण कायद्याने तेवढेच पैसे वाटता येतील, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्के. निवृत्त माणसाला आज सरासरी २,००० डॉलरच्या आसपास मिळतात. त्यातले साडेचारशेहून अधिक एका बुधवारी गायब. ज्या खासदाराच्या कारकिर्दीत हा बुधवार उगवेल त्याचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

हे दुखणं असाध्य आहे असंही नाही. १९८३ मध्ये निधी आटायला काही महिनेच उरले होते. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट टिप ओनील सभापती, दोघांचं राजकारण एकमेकांच्या विरुद्ध टोकाचं. ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि तडजोड झाली: करवाढ लवकर लागू करायची, जास्त उत्पन्न असलेल्यांच्या पेन्शनवर थोडा कर लावायचा, आणि निवृत्तीचं वय ६५ वरून हळूहळू ६७ वर न्यायचं. हळूहळू म्हणजे किती? १९६० मध्ये जन्मलेल्यांना ते पूर्ण लागू होतं, आणि ते ६७ चे होतात २०२७ मध्ये. १९८३ ला सही झालेल्या कायद्याचं शेवटचं पाऊल ४४ वर्षांनी पडतं आहे. त्या वेळी जो तेवीस वर्षांचा होता, त्याला बातमी पचवायला चार दशकं मिळाली. माझ्या मते कॉन्झर्व्हेटिव्ह कारभार म्हणजे हेच: कुणाच्या ताटातली भाकरी ओढायची नाही, पण पुढच्या पिढीला वेळेवर सांगायचं की भाकरी लहान होणार आहे.

ही हिंमत पुढे टिकली नाही. बुश यांनी २००५ मध्ये तरुणांना आपल्या हिश्श्यातले काही पैसे स्वतःच्या नावाने गुंतवू द्यावेत असं सुचवलं, तर स्वपक्षातल्यांनीच पाठ फिरवली. रिपब्लिकन खासदार पॉल रायन यांनी २०११ मध्ये मेडिकेअर बदलण्याचा आराखडा मांडला, तर त्यांच्यासारखा दिसणारा माणूस चाकाच्या खुर्चीतल्या आजीला कड्यावरून ढकलतो आहे अशी जाहिरात टीव्हीवर झळकली. २०१२ ची निवडणूक मिट रॉम्नी आणि रायन हरले. मग २०१६ साठी उभे राहिले डोनाल्ड ट्रम्प. रिपब्लिकन उमेदवारांच्या गर्दीत त्यांनी ठणकावून सांगितलं, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला मी हात लावणार नाही. बाकीचे आकडेमोड समजावत बसले आणि ट्रम्प उमेदवारी घेऊन गेले. त्यांना मतदार कळला होता, हे मान्य करायलाच हवं. आजोबा तेव्हापासून त्यांच्या प्रचाराची लाल टोपी घालतात.

खर्चाचा मोठा ढीग असा कुलूपबंद झाल्यावर पक्षाकडे दोन किल्ल्या उरल्या. करकपात आणि आयातशुल्क.

करकपातीची कथा एका हातरुमालावर लिहिलेली आहे, अगदी शब्दशः. १९७४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर यांनी डिक चेनी आणि डोनाल्ड रम्सफेल्ड या रिपब्लिकन नेत्यांना रुमालावर एक वक्ररेषा काढून दाखवली, असं सांगतात. कर शून्य टक्के असेल तर सरकारला काही मिळणार नाही, आणि शंभर टक्के असेल तरी नाही, कारण मग कोण कशाला काम करील? मध्ये कुठेतरी एक टोक आहे, त्यापलीकडे कर कमी केला की उलट वसुली वाढते. यात चूक काही नाही. रेगन आले तेव्हा वरचा दर ७० टक्के होता, तो १९८६ च्या कायद्याने २८ वर आणायचं ठरलं आणि त्या काळात अर्थव्यवस्थेत जीव आला. पण रेषेच्या कुठल्या बाजूला आपण उभे आहोत हे रुमाल सांगत नाही. ७० चा दर उतरवणं वेगळं आणि आजचा ३७ चा उतरवणं वेगळं. आमच्या लोकांनी त्याचा मंत्र करून टाकला: कर कापा, तूट आपोआप भरेल. रेगन यांच्या आठ वर्षांत कर्ज जवळजवळ तिप्पट झालं, हे आम्ही वाढदिवसाच्या भाषणात सांगत नाही.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी ज्या भल्यामोठ्या विधेयकावर सही केली, त्यात २०१७ च्या करसवलती पुढे चालू ठेवल्या, टिपा आणि ओव्हरटाइमवर सूट दिली, मेडिकेडमध्ये कपात केली आणि कर्जमर्यादा पाच लाख कोटींनी वाढवली. काँग्रेसच्या स्वतःच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज, दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटींनी वाढेल. सेनेटमध्ये ५०-५० मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हॅन्स यांच्या मताने ते पार झालं. रिपब्लिकन सेनेटर रँड पॉल यांनी कर्जाच्याच कारणाने विरोधात मत दिलं. प्रतिनिधिगृहात केंटकीचे थॉमस मॅसी. हा माणूस एमआयटीतून शिकलेला इंजिनियर. देशाचं कर्ज दाखवणारं छोटं घड्याळ स्वतः बनवून कोटाला लावून फिरतो. आकडे त्याच्या छातीवर सरसर पळत असतात. ट्रम्प यांनी त्याच्यामागे हात धुऊन लागायचं ठरवलं, यात नवल नाही. आरसा कोटाला लावून फिरणारा कुणाला आवडतो?

आणि माझं काय? न्यू जर्सीतला घरपट्टीचा दर देशात सगळ्यात वरच्या यादीत. या कायद्याने राज्याच्या आणि स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा दहा हजारांवरून चाळीस हजारांवर नेली. यंदा माझं स्वतःचं विवरणपत्र भरताना मी ती वजावट गुपचूप घेतली. सोडली असती तर बायकोने घरात घेतलं नसतं.

आजोबांचा फॉर्म भरतानाही तेच. पासष्टीच्या वरच्यांना या कायद्याने ६,००० डॉलरची नवी वजावट दिली. त्यांना युनियनचंही पेन्शन आहे, त्यामुळे सोशल सिक्युरिटीवर थोडा कर बसतो. वजावटीने तो कमी झाला. मी आकडा दाखवला तसे ते खूश झाले. पेन्शनवरचा हा कर जातो कुठे? परत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्याच निधीत. १९८३ च्या तडजोडीने लावलेला हाच तो कर. तो घटल्यामुळे निधी आटण्याची तारीख काही महिने अलीकडे आली. म्हणजे आजोबांनी जो परतावा हसत खिशात घातला, तो त्यांच्याच विहिरीतला होता. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी माझ्यासाठी सफरचंदाचा पाय आणला होता.

दुसरी किल्ली आयातशुल्काची. याची बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी. रिपब्लिकन पक्ष जन्मापासून आयातशुल्कवाला होता. राष्ट्राध्यक्ष लिंकनही, मॅकिन्लीही. खुल्या व्यापाराचं प्रेम नंतरचं, आणि ते रेगन यांच्या काळात फुललं. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि त्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या १ कोटी ७० लाखांवरून १ कोटी २० लाखांच्या खाली घसरल्या. सगळं चीनमुळे नव्हे, यंत्रमानवांमुळेही. पण ओहायो-मिशिगनमधल्या गावांत ज्याचा कारखाना गेला त्याला आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी काय दिलं? स्वस्त टीव्ही. त्याचा राग खरा आहे, आणि तो आमच्या बिऱ्हाडाने वेळेवर ऐकला नाही, हेही खरं.

पण शुल्क भरतो कोण हे बिलावर छापलेलं असतं. इथल्या एडिसन गावच्या ओक ट्री रोडवर माझ्या एका अशिलाचं दुकान आहे, चादरी, टॉवेल, बेडशीट. माल भारतातून येतो, त्यात सोलापूरचाही. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. त्या काळात दहा हजार डॉलरचा माल बंदरात उतरला की पाच हजार आणखी मोजावे लागायचे, नेहमीची जकात वेगळी. कस्टम्सची पावती फाटते ती भारत सरकारच्या नावाने नाही, या दुकानदाराच्या नावाने. त्याने सोलापूरच्या कारखानदाराकडे थोडी सूट मागितली, थोडी किंमत वाढवली, थोडं स्वतः सोसलं. अर्थशास्त्राची पुस्तकं जे आलेख काढून सांगतात ते त्याच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं आहे. हा करच आहे, फक्त वसुली बंदरावर होते म्हणून कानाला वेगळा लागतो.

सरकारला त्यातून किती मिळालं? २०२५ च्या आर्थिक वर्षात सुमारे १९५ अब्ज डॉलर, आदल्या वर्षीच्या ७७ अब्जांच्या अडीचपट. थोडेथोडके नाहीत. पण त्याच वर्षी व्याजाचेच ९७० अब्ज गेले. याशिवाय मला खुपणारी गोष्ट वेगळी आहे. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात कर आणि शुल्क बसवायचा अधिकार काँग्रेसला दिला आहे. यातलं बरंच शुल्क राष्ट्राध्यक्षांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन एकट्याच्या सहीने लावलं. वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि नोव्हेंबर २०२५ मधल्या सुनावणीत कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायमूर्तींनीच सरकारी वकिलाला अवघड प्रश्न विचारले. ओबामांनी असं केलं असतं तर आम्ही रस्त्यावर उतरलो असतो. आपल्या माणसाने केलं की कायदा लवचिक वाटायला लागतो.

इतकं कर्ज असून डोलारा पडत का नाही, हा प्रश्न मला भारतातून फोनवर नेहमी येतो. उत्तर डॉलरमध्ये आहे. सगळ्या जगाला व्यापाराला डॉलर लागतो आणि तो सुरक्षित ठेवायला अमेरिकेचे रोखे. जपानकडे एक लाख कोटींहून जास्त आहेत. मुंबईच्या मिंट रोडवरच्या आपल्या रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतही सुमारे २०० अब्ज डॉलरचे आहेत. म्हणजे आजोबांच्या बुधवारात एक चिमूट आपलाही वाटा आहे. गावातल्या ज्या माणसाला सगळेच हसतमुखाने उधार देतात त्याला सावकार दिसत नाही, तसं अमेरिकेचं झालं आहे.

सावकार दिसायला लागतो तो व्याजात. २०२२ च्या सुरुवातीला सगळ्या कर्जावर सरासरी व्याज दीड टक्क्याच्या थोडं वर होतं. मग महागाई भडकली, जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांपर्यंत गेली, फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, दर चढवले. सरकारचं कर्ज तीस वर्षांच्या गृहकर्जासारखं एकदा घेऊन मोकळं होत नाही, जुने रोखे संपत जातात आणि त्यांच्या जागी नवे काढावे लागतात, त्या दिवशीच्या दराने. सरासरी आता सव्वातीन टक्क्यांच्या वर आहे. तेवढ्याच कर्जावर व्याज दुप्पट. म्हणून व्याजाचा आकडा सैन्याच्या खर्चापुढे निघून गेला. पत ठरवणाऱ्या तीन मोठ्या संस्थांपैकी एस अँड पीने २०११ मध्ये, फिचने २०२३ मध्ये आणि मूडीजने मे २०२५ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च दर्जा काढून घेतला. बाजाराने खांदे उडवले. शेवटच्या वेळी थोडे कमी उडवले.

पूर्वीही कायम असंच होतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ सीमोर डर्स्ट नावाच्या बिल्डरने १९८९ मध्ये स्वखर्चाने कर्जाचं भलंमोठं घड्याळ लावलं. तेव्हा आकडा तीन लाख कोटींच्याही आत होता. २००० मध्ये ते घड्याळ बंद करावं लागलं, कारण आकडे उलटे फिरायला लागले होते. १९९८ ते २००१ अशी चार वर्षं अमेरिकेच्या तिजोरीत शिल्लक उरत होती. राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट बिल क्लिंटन, काँग्रेसमध्ये रिपब्लिकन. एकाने कर वाढवले होते, दुसऱ्यांनी खर्चाला वेसण घातली, इंटरनेटच्या तेजीने वसुली वाढवली, आणि दोघे एकमेकांना इतके पाण्यात पाहत होते की कुणालाच मनासारखे पैसे उडवता आले नाहीत. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, अर्थसंकल्प समतोल ठेवणं घटनेतच बंधनकारक करायची दुरुस्ती सेनेटमध्ये ६६ विरुद्ध ३४ अशी पडली. ६७ हवी होती. २००२ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झालं. २००८ ला आकडे मावेनात म्हणून डॉलरच्या चिन्हाची जागा एका अंकाला द्यावी लागली.

डेमोक्रॅट मित्र म्हणतात, सोपं आहे, श्रीमंतांवर कर लावा. सोशल सिक्युरिटीचा कर २०२५ मध्ये पगाराच्या पहिल्या १,७६,१०० डॉलरवरच होता, त्यावरच्या कमाईला नाही. ती मर्यादा काढा म्हणतात. पूर्वी मी हे उडवून लावायचो. आता लावत नाही. मर्यादा थोडी वर न्यावी आणि बदल्यात तरुणांसाठी निवृत्तीचं वय आणखी वाढवावं, १९८३ सारखं, दोघांनाही थोडं टोचेल असं. नुसत्या करवाढीने भागत नाही, कारण म्हाताऱ्यांची संख्या आणि औषधोपचारांचा खर्च कमाईपेक्षा वेगाने वाढतो. आमच्या बिऱ्हाडातले काही मला यावरून फितूर म्हणतील. म्हणोत.

आजोबांचं विवरणपत्र पूर्ण झालं. त्यांनी टोपी सरळ केली, खोकं काखेत मारलं. सरकारला परतावा द्यायला किती दिवस लागतात ते विचारलं आणि मी सांगितल्यावर पुन्हा एकदा सरकारला शिव्या घातल्या. दारात थांबून म्हणाले, "यंदा शेवटची तारीख कुठल्या वारी येते?"

मी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. १५ एप्रिल. तिसरा बुधवार.